उत्तर माहीत नसलेलं प्रॅक्टिकल

मागच्या अंकात मी सहज लिहिलं होतं की जीवशास्त्र शिकवणाऱ्यांनो, वनस्पतींवरचं संशोधन वर्गात न्यायचं म्हटलं की तुमचं नेमकं कुठे अडतं ते कळवा. वाटलं चार-पाच पत्रं येतील, तर बरीच आली, आणि व्हॉट्सअॅपवर तर रात्री अकराला पानांचे फोटो आलेत, "मॅडम हे कसलं पान" म्हणून (सर, ते पपईचंच होतं, रोगाने आकसलं होतं म्हणून ओळखू येत नव्हतं). सगळ्यांना उत्तर देणं जमणार नाही. सारखे प्रश्न एकत्र केलेत, नावं गाळलीत.

प्रश्न : नमस्कार मॅडम. मी वाई तालुक्यातल्या एका हायस्कूलला नववी-दहावीला विज्ञान शिकवतो. ट्रेनिंगला गेलं की सांगतात संशोधन वर्गात आणा, पण आणायचं म्हणजे काय करायचं ते कोणीच सांगत नाही. नेटवर एखादा पेपर उघडला तर दुसऱ्या ओळीलाच दम लागतो. मुलं बेचाळीस, मायक्रोस्कोप एक, पण चालू आहे. सुरुवात कुठून करू?

उत्तर : सर, चालू आहे म्हणालात ना, मग अर्धं काम झालं. पेपर बाजूला ठेवा. आपण "संशोधन वर्गात आणणं" म्हणजे नव्या शोधाची बातमी मुलांना सांगणं असं समजतो, आणि ती बातमी मुलांनी आधीच मोबाईलवर बघितलेली असते. त्यापेक्षा असं एक प्रॅक्टिकल घ्या ज्याचं उत्तर तुम्हालाही माहीत नाही. आपल्या नेहमीच्या प्रॅक्टिकलमध्ये शेवटी काय येणार ते जर्नलमध्ये आधीच लिहिलेलं असतं, मुलं निष्कर्ष उतरवून काढतात आणि मग बटाट्यात पाणी चढतंय का नाही ते बघतात. ते उलटं करायचं.

तुमच्यासाठी पर्णरंध्रं, म्हणजे पानावरची हवा आणि वाफ ये-जा करणारी बारीक छिद्रं. १९८७ मध्ये वुडवर्ड नावाच्या इंग्रज शास्त्रज्ञाचा एक पेपर 'नेचर'मध्ये आला होता. त्याने काय केलं, तर हर्बेरियममध्ये, म्हणजे वाळवलेल्या वनस्पतींच्या संग्रहात, जपून ठेवलेली गेल्या दोनशे वर्षांतली वाळवलेली पानं काढली आणि त्यांच्यावरची पर्णरंध्रं मोजली, बास. जुन्या पानांवर जास्त, नव्या पानांवर कमी, घट जवळपास ४० टक्के. कारखाने यायच्या आधी हवेत कार्बन डायऑक्साईड दहा लाख भागांत साधारण २८० भाग होता, आता ४२० च्या वर गेलाय, आणि हवेतच जास्त मिळत असेल तर झाडाला तेवढी दारं उघडी ठेवायची गरज नाही, उलट दारं कमी म्हणजे पाणीही कमी उडतं. हे मुलांना सांगायला दोन मिनिटं लागतात. आता खरी मजा पुढे आहे, कारण हीच मोजणी तुमची मुलं करू शकतात.

पानाच्या खालच्या बाजूला ट्रान्स्परन्ट नेलपॉलिशचा नखाएवढा पातळ थर लावायचा, दहा-पंधरा मिनिटं पूर्ण वाळू द्यायचा (इथे सगळी पोरं घाई करतात, ओढलं की चिकट दोरा येतो), मग वर सेलोटेप दाबून अलगद सोलायचं आणि टेप तशीच स्लाईडवर चिकटवायची. पानाचा ठसा येतो, प्रत्येक रंध्राच्या दोन बाजूंच्या रक्षक पेशींच्या जोड्या स्पष्ट दिसतात. स्लाईड टिकते, म्हणजे एकच मायक्रोस्कोप असला तरी बेचाळीस मुलांनी एका तासात बघायची गरज नाही, आठवडाभर मधल्या सुट्टीत येऊन बघतील. तगर, मनी प्लांट, जास्वंद, कुंडीतली ऱ्होइओ चालेल. सागासारखं खरखरीत किंवा पेरूसारखं खालून लवदार पान घेऊ नका. आणि कण्हेर तर मुद्दाम एकदा घ्या. तिची पर्णरंध्रं खोल खळग्यांत लपलेली असतात, ठशात येतच नाहीत, मुलं म्हणतात "मॅडम याला नाहीच आहेत", आणि मग "नाहीत का दिसत नाहीत" हा वाद पंधरा मिनिटं चालतो. हाच वाद तर आपल्याला हवाय! (कण्हेर विषारी आहे, हात धुवायला लावा.)

मोजायचं कसं? १०० पट मोठं दाखवणाऱ्या भिंगाखाली प्लास्टिकची पट्टी ठेवा, दिसणाऱ्या गोलाचा व्यास बहुतेक १.८ मिलिमीटरच्या आसपास भरेल, ४०० पटीला त्याच्या चौथाई, म्हणजे ०.४५. क्षेत्रफळ आलं ०.१६ चौरस मिलिमीटर. गोलात १६ रंध्रं दिसली तर एका चौरस मिलिमीटरला १०० झाली. गणिताचे सर खूश होतील. कडेवर अर्धवट दिसणाऱ्यांचं काय करायचं हे आधी ठरवा, डाव्या अर्ध्या कडेवरची धरायची उजवीकडची सोडायची असा काहीतरी नियम, नाहीतर मी एकदा बारा मुलांना घेऊन बसले होते तेव्हा तिघांचे आकडे बाकीच्यांच्या दुप्पट आले आणि शोधत बसल्यावर कळलं की ते पानावरच्या केसांची बुडंसुद्धा मोजत होते. मी त्यांना रागावणार होते पण खरं तर चूक माझी, काय मोजायचं आणि काय नाही ते मी फळ्यावर लिहिलंच नव्हतं.

प्रश्न काय घ्यायचा ते मुलांना ठरवू द्या. बहुतेक "हायवेच्या कडेचं झाड आणि शाळेतलं झाड" हाच येतो. येऊ दे. मग विचारायचं की दोन्हीकडे ऊन सारखंच आहे का, कारण उन्हातल्या पानाला सावलीतल्यापेक्षा रंध्रं जास्त असतात. पाणी सारखं मिळतं का, पान फांदीच्या टोकाचं घेतलं का बुडाचं, धुळीचं काय. पान लहान राहिलं की पेशीही लहान राहतात आणि रंध्रं जवळ जवळ येतात, तेव्हा नुसती संख्या फसवते, म्हणून सॅलिसबरी नावाच्या शास्त्रज्ञाने १९२७ मध्ये एक निर्देशांक काढला, रंध्रं भागिले रंध्रं अधिक अपित्वचेच्या (पानाच्या वरच्या सालीच्या) बाकीच्या पेशी, गुणिले शंभर. दहावीच्या मुलाला सहज जमतो. तुमच्या दोन झाडांत फरक निघेल का? मला माहीत नाही सर, तुम्हालाही नाही. नाही निघाला तर तसंच लिहायचं.

एक राहिलं. ही कल्पना ऐकून काही उत्साही शिक्षक हर्बेरियमकडे जुन्या पानांवर नेलपॉलिश लावायची परवानगी मागतील, ती मिळणार नाही आणि मिळूही नये. त्याऐवजी शाळेचंच सुरू करा. वर्तमानपत्रात दाबलेलं पान, जाड कागद, तारीख, जागा, झाड, गोळा करणाऱ्याचं नाव. वीस वर्षांनी कोणीतरी तुमची पानं मोजेल.

प्रश्न : मी कोकणात ज्युनियर कॉलेजला आहे. मुलांना प्राण्यांचं सगळं आवडतं, झाडं म्हटलं की जांभया. आमच्याकडे लाजाळू तर पायाखाली येते, तिचं काही करता येईल का? का ते फारच बालिश होईल?

उत्तर : बाई, बालिश अजिबात नाही, लाजाळूवर मोठमोठे लोक अजून भांडतायत. आणि जांभयांचं म्हणाल तर तो तुमच्या कॉलेजचा दोष नाही. अमेरिकेत वांडरसी आणि शुसलर या दोघांनी १९९० च्या दशकाच्या शेवटी याला नाव दिलं, वनस्पती-अंधत्व. जंगलाचा फोटो दाखवून काय दिसतं विचारा, सगळे हरीण म्हणतील, हरणाच्या मागची पन्नास झाडं कोणी सांगणार नाही.

लाजाळू मूळची इथली नाही, अमेरिकेच्या उष्ण भागातून आली आणि आता तुमच्या बांधाबांधावर आहे. जगदीशचंद्र बोसांनी हिच्यात विजेचे संदेश मोजले, आणि तेव्हा अनेकांनी त्यांना वेड्यात काढलं होतं. देठाच्या बुडाशी जी फुगीर गाठ असते तिच्यातल्या एका बाजूच्या पेशी झटकन पाणी सोडतात आणि पान खाली येतं, हे पुस्तकात आहे. पण ती का मिटते? २०२२ मध्ये जपानी शास्त्रज्ञांनी एक प्रयोग छापला, त्यात त्यांनी लाजाळूमध्ये असा बदल केला की कॅल्शियमचा संदेश धावताना चमकतो आणि कॅमेऱ्यात दिसतो, संदेश पोचला की पान मिटतं. आणि न मिटणारी लाजाळू नाकतोड्यांपुढे ठेवली तर ती मिटणाऱ्या लाजाळूपेक्षा जास्त खाल्ली गेली. म्हणजे लाजणं वगैरे आपल्या मनातलं, ते संरक्षण आहे.

आता भांडणाचं. २०१४ मध्ये मोनिका गॅलियानो आणि सहकाऱ्यांनी लाजाळूच्या कुंड्या पुन्हा पुन्हा थोड्या उंचीवरून खाली सोडल्या, इजा होणार नाही अशा बेताने. पहिल्यांदा पानं मिटली, नंतर मिटेनाशी झाली. त्यांचं म्हणणं, झाड शिकलं की यात धोका नाही. विरोधकांचं म्हणणं, शिकलं कसलं, दमलं. इथे तुमच्या अकरावीच्या वर्गाला थांबवा आणि विचारा की दमलं का शिकलं हे कसं ओळखाल. दहा मिनिटं गप्प बसा, अजिबात हिंट देऊ नका, हे आपल्याला फार अवघड जातं मला माहितीये. कोणीतरी म्हणेलच की पडण्याला मिटत नाही तर दुसराच धक्का देऊन बघू. बरोबर, त्या शास्त्रज्ञांनीही तेच केलं, कुंडी हलवली आणि पानं मिटली. तरी वाद संपलेला नाही, कारण हलवणं हा जास्त जोरदार धक्का असेल तर? तुमची मुलं याच्यावरही काहीतरी काढतील.

रोपं बांधावरून उपटून लगेच वापरू नका, मलूल पडतात, कुंडीत लावून दोन आठवडे सोडा. बियांपासून करायची तर टरफल कडक असतं, पॉलिश पेपरवर हलकं घासा. आणि प्रयोग रोज एकाच वेळेला, संध्याकाळी ती आपली आपणच मिटते.

प्रश्न : आम्ही एका संशोधन संस्थेतल्या शास्त्रज्ञांना व्याख्यानाला बोलावलं होतं. सत्तर स्लाईड्स, सगळ्या इंग्रजीत. मुलं झोपली, आणि मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. परत बोलवावं का?

उत्तर : बोलवा, पण त्या साहेबांना नको, त्यांच्या लॅबमधल्या पीएचडीच्या मुलामुलींना. तेविशी-पंचविशीतली पोरं असतात, बरीच आपल्यासारख्या गावांतून आलेली, मराठीत बोलतात, आणि काल काय बिघडलं ते मोकळेपणाने सांगतात. अट एकच घाला, वीस मिनिटं, आणि फसलेला एक प्रयोग घेऊन या. त्याआधी मुलांकडून प्रश्न लिहून पाठवा, म्हणजे येणाऱ्यालाही कळतं कोणाशी बोलायचंय.

किंवा तुम्हीच जा. मुंबईत सेंट झेविअर्समध्ये ब्लॅटर हर्बेरियम आहे, १९०६ पासूनचं, पुण्यात भारतीय वनस्पती सर्वेक्षणाचं पश्चिम विभागाचं केंद्र आहे १९५५ पासून, तिथेही मोठा संग्रह आहे. आधी पत्र टाकून विचारा, आणि अख्खी तुकडी घेऊन धडकू नका, पंधरा मुलं खूप झाली. शंभर वर्षांपूर्वी कोणीतरी आपल्याच तालुक्यातून गोळा केलेलं रोप, त्याच्याखाली शाईने लिहिलेलं गावाचं नाव, ते बघून मुलं जशी गप्प होतात तशी कुठल्या स्लाईडने होत नाहीत.

प्रश्न : बारावीला शिकवते. नीट, सीईटी, बोर्ड. प्रिन्सिपल सर म्हणतात संशोधन वगैरे नंतर, आधी पोर्शन संपवा. त्यांचंही चुकीचं नाही. मग काय?

उत्तर : त्यांचं चुकीचं नाहीच. म्हणून वेगळा तास मागू नका, आहे त्या धड्यातच घुसवा. तुमच्याकडे मेंडेल आहेच. गोल वाटाणा आणि सुरकुतलेला वाटाणा, तीनास एक, सगळी पोरं पाठ करतात, आणि तो सुरकुततो का हे कोणी विचारत नाही!

किराणा दुकानातून पांढरा वाटाणा आणा, तो गोल. कृषी सेवा केंद्रातून 'अर्केल' मटाराचं बियाणं आणा, ते सुरकुतलेलं. बियाण्याला रंगीत औषध चोळलेलं असतं, धुऊन घ्या, तोंडात घालू देऊ नका. दोन्हींचे दहा-दहा दाणे वजन करून रात्रभर भिजत घाला, सकाळी परत वजन, सुरकुतलेल्याने त्याच्या वजनाच्या मानाने जास्त पाणी प्यायलेलं दिसेल. मग दाणा फोडून आतला किंचित चुरा पाण्यात, आयोडीनचा अगदी फिका थेंब, मायक्रोस्कोप. गोल वाटाण्यात स्टार्चचे मोठे अंडाकृती अखंड कण, सुरकुतलेल्यात ते भेगाळलेले, तुकडे झाल्यासारखे. एक तास पुरतो.

कारण १९९० मध्ये कळलं. स्टार्चच्या साखळीला फांद्या फोडणारं एक एन्झाइम असतं, त्याच्या जीनमध्ये डीएनएच्या साधारण ८०० अक्षरांचा एक तुकडा, एका जागेवरून दुसरीकडे उड्या मारणाऱ्या जीनसारखा, येऊन घुसलाय आणि एन्झाइम बिघडलं. स्टार्च कमी बनतो, साखर साठते, साखर पाणी ओढते, हिरवा दाणा टम्म फुगतो, आणि वाळताना पाणी गेलं की साल मोठी राहते आणि आतला दाणा आक्रसतो. आपण थंडीत सोलता सोलता अर्धा तोंडात टाकतो तो गोड मटार म्हणजे हाच बिघाड. इथे एका उदाहरणात आनुवंशिकता, एन्झाइम, परासरण आणि म्युटेशन सगळं येतं, नीटच्या चार धड्यांची उजळणी झाली असं प्रिन्सिपल सरांना सांगा, खोटं नाही ते.

आणि एक गोष्ट फळ्यावर नक्की लिहा. मेंडेलचा पेपर १८६६ चा. त्याने अभ्यासलेल्या सात गुणांपैकी शेवटच्या तीन गुणांमागचे जीन कोणते ते २०२५ मध्ये छापून आलं. म्हणजे जो धडा मुलांना जुनापुराणा वाटतो तो पूर्ण व्हायला १५९ वर्षं लागली आणि तो त्यांच्या डोळ्यांसमोर पूर्ण झाला. माझी एक विद्यार्थिनी म्हणाली, "मॅडम, म्हणजे पुस्तक छापलं तेव्हा त्यांनाच माहीत नव्हतं?" हो ना बाळा.

प्रश्न : सप्टेंबरात मुलांना कासला नेतोय. तिथून दवबिंदूची आणि सीतेच्या आसवांची थोडी रोपं प्रयोगासाठी आणली तर चालेल ना? मुलांना कीटक खाणारी झाडं दाखवायचीत.

उत्तर : नाही. तिथे फुलं तोडायला बंदी आहे आणि २०१२ पासून ते जागतिक वारसा म्हणून नोंदलेलं आहे, पण बंदी नसती तरी नाहीच म्हटलं असतं. ती रोपं खडकावरच्या दोन बोटं मातीत वाढतात, तुमच्या कुंडीत आठवडाभरात मरतील. तिथे गुडघ्यावर बसून भिंगातून बघा. अर्धा तास एकाच ठिकाणी.

प्रयोग घरी येऊन करा, शाळेतल्या फुलांवर. पुण्याच्या गरवारे कॉलेजात मिलिंद वाटवे सरांच्या गटाने एक साधी गोष्ट तपासली होती, २००३ मध्ये ती बाहेरच्या नामांकित जर्नलमध्ये आली. एकाच झाडावरच्या सगळ्या फुलांत मध असतो का? नाही, काही फुलं कोरडी ठणठणीत असतात, दिसायला मात्र तशीच. मधमाशीला फसवून फुकटात काम करून घेणारी. त्यासाठी सामान काय, तर पॅथॉलॉजी लॅबमध्ये रक्तासाठी वापरतात ती बारीक काचेची नळी. आदल्या संध्याकाळी कळ्यांवर मच्छरदाणीच्या कापडाच्या पिशव्या बांधायच्या, नाहीतर मध नव्हताच का माशी पिऊन गेली हे कळणार नाही. एक्झोरा, सदाफुली, जे शाळेत असेल ते. किती फुलं फसवी निघतात? करा आणि मला कळवा, मला खरंच उत्सुकता आहे.

प्रश्न : जिल्हा परिषदेची शाळा, मायक्रोस्कोप नाही, लॅब नाही, आठवीपर्यंतच वर्ग. आमच्यासाठी काही?

उत्तर : एक झाड ठरवा आणि दर आठवड्याला त्याच वारी बघा. कोवळी पानं, जून पानं, कळ्या, फुलं, फळं, काही नाही, थोडी का भरपूर, एवढंच लिहायचं. 'सीझनवॉच' नावाचा उपक्रम देशभरातल्या शाळांकडून हीच माहिती गोळा करतो, आंबा, फणस, बहावा अशी ओळखीची झाडं असतात, तुमची नोंद तिथे पाठवता येते आणि शास्त्रज्ञ ती खरोखर वापरतात. सुट्टीत कोण बघणार हा प्रश्न येईलच, त्यासाठी झाडाशेजारच्या घरातली मुलगी किंवा मुलगा गटात हवा. आणि भिंग हवंच असेल तर फोल्डस्कोप बघा, कागदाचा घडीचा मायक्रोस्कोप, स्टॅनफर्डच्या मनु प्रकाश यांच्या लॅबमध्ये बनलेला, साधारण १४० पट मोठं दाखवतो. पर्णरंध्रं दिसतात.

मुंबई-ठाण्याच्या डोंगरांजवळ असाल तर कारवीची नोंद ठेवा. २००८, २०१६, २०२४, दर आठ वर्षांनी डोंगर जांभळे होतात. पुढची खेप २०३२ ची, पण एखादं चुकार झुडूप मध्येच फुललं तर ते जास्त महत्त्वाचं, तारीख आणि फोटो घ्या.

प्रश्न : (वाईच्याच सरांचा, व्हॉट्सअॅपवर, मसुदा वाचायला पाठवला होता त्यावर) मॅडम, नेलपॉलिश कुठल्या कंपनीचं घेऊ? बायकोला विचारलं तर ती संशयाने बघतेय.

उत्तर : कुठलंही स्वस्तातलं, ट्रान्स्परन्ट तेवढं बघा. ग्लिटरवालं घेऊ नका, आमच्याकडे एकीने आणलं होतं, अख्ख्या स्लाईडवर चांदण्या, आणि तिने त्या मोजल्याही होत्या.